आईला न लावलेले माप

वाचकाचे पत्र

माझे वय ३६ वर्षे असून मी म्हापशाला आईबरोबर राहते. गोवा मुक्त झाल्यावर आजोबा मिरजेहून मराठी शाळेत मास्तर म्हणून आले आणि आमचे मराठी प्रोटेस्टंट कुटुंब इथलेच झाले. तरी इथले बहुतेक ख्रिस्ती कोंकणी बोलणारे कॅथलिक आणि मराठी बोलणारे बहुतेक हिंदू असल्यामुळे दोन्हीकडे आम्ही पाहुण्यांसारखेच असतो. कांदोळीच्या एका हॉटेलात मी ९ वर्षे हिशेबाचे काम केले. तीन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका येऊन तिची डावी बाजू लुळी पडली आणि मी नोकरी सोडली. भाऊ बोटीवर आहे, धाकटी बहीण कुवेतला नर्स आहे. दोघेही पैसे पाठवतात. बरोबरीच्या मुली पोर्तुगीज पासपोर्ट करून विलायतेला गेल्या, संसाराला लागल्या. ‘सध्या काय करतेस?’ असे कोणी विचारले की मला उत्तर सुचत नाही. या तीन वर्षांत आईच्या पाठीला एकही जखम झालेली नाही, एवढेच काय ते माझ्या हातून झाले. एका प्रार्थनासभेत मला सांगण्यात आले की माझा विश्वास उणा आहे, म्हणून दारे बंद आहेत. मैत्रिणी यिर्मयाचे वचन पाठवतात, की देवाने माझ्यासाठी हिताचे संकल्प केले आहेत. ते कुठे आहेत? सकाळी उठावेसे वाटत नाही. मी असले काय आणि नसले काय, असे मनात येते. देवाने मला कशासाठी निर्माण केले?

उत्तर

प्रिय भगिनी,

तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे, परंतु मी उत्तराची सुरुवात त्याच्या आधीच्या ओळीपासून करते, कारण तिच्याबद्दल गप्प राहून देवाच्या संकल्पांविषयी लिहिणे मला योग्य वाटत नाही. ‘मी असले काय आणि नसले काय’ हा विचार मनात येऊन जातो की दिवसचे दिवस मुक्काम करतो, झोप आणि भूक ठिकाणावर आहेत का, जिवाचे बरेवाईट करून घ्यावे असे कधी वाटले आहे का, हे मी तुम्हांला सरळ विचारते, आणि याची उत्तरे तुम्ही माझ्याऐवजी डॉक्टरांना द्यावीत असा माझा आग्रह आहे. बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. तिथे जाण्याचा दिवस याच आठवड्यात ठरवा. रात्री-अपरात्री तो विचार अनावर झाला तर १४४१६ या क्रमांकावर सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असते.

डॉक्टरांकडे गेलो म्हणजे आपला विश्वास कमी पडला, अशी समजूत आपल्या लोकांत अजूनही आहे. तुम्हांला ती अडवत असेल तर राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १९वा अध्याय उघडून पाहा. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवणारा एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने जीव घेऊन पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि ‘आता पुरे झाले’ म्हणून त्याने देवाकडे मरण मागितले. देवाने त्या घटकेला त्याची कानउघाडणी केली नाही किंवा त्याच्या विश्वासाची मोजदादही केली नाही. त्याला झोप लागू दिली. मग दूताने हात लावून उठवले तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू होता. तो जेवला आणि परत झोपला. दूताने त्याला पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातले, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची होती. होरेब डोंगरावर देवाशी झालेला त्याचा संवाद त्यानंतरचा आहे. तेव्हा सकाळी उठावेसे वाटत नसेल त्या दिवशी मोठ्या प्रार्थनेचे ओझे स्वतःवर घालू नका. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकू आला की उठून दार उघडावे, गरम पाव घ्यावा आणि आईला भरवून झाल्यावर उभ्याउभ्या उरकण्याऐवजी खाली बसून चहाबरोबर खावा. काही दिवस एवढीच उपासना पुरेशी आहे, आणि देव ती कमी लेखणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. तुमच्या पत्रात एक वाक्य असे आहे की ते लिहिताना तुम्ही त्याच्याकडे नीट पाहिलेच नाही. तीन वर्षांत आईच्या पाठीला एकही जखम झालेली नाही, असे लिहून तुम्ही पुढे ‘एवढेच’ हा शब्द जोडलात. मी माझ्या सासूबाईंची अंथरुणावरची सेवा चौदा महिने केली असल्यामुळे त्या ‘एवढेच’मध्ये काय सामावले आहे ते मला ठाऊक आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, अंग कोरडे ठेवायचे, टाचा आणि माकडहाड रोज पाहायचे, आणि हे सारे रात्रीही करायचे. परंतु ही सेवा मोठी आहे म्हणून तुम्ही मौल्यवान आहात, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर पगाराच्या जागी सेवा ठेवून मी तेच जुने माप तुमच्या हाती परत दिल्यासारखे होईल, आणि ज्या दिवशी आईला तुमच्या हातांची गरज उरणार नाही त्या दिवशी तुम्ही पुन्हा रित्या हाताने उभ्या राहाल. मला विचारायचे आहे ते वेगळेच आहे.

तुमची आई आज कोणाच्या कोणत्या उपयोगी पडते? हा प्रश्न कठोर आहे आणि तो विचारल्याबद्दल मी तुमची क्षमा मागते, पण त्याचे उत्तर तुम्ही स्वतःच रोज देत आहात. ती कमावत नाही, स्वयंपाक करत नाही, तिला स्वतःच्या हाताने पाण्याचा पेलाही नीट उचलता येत नसेल; जगाच्या वहीत तिच्या नावावर फक्त खर्चच पडतो. तरीही दर दोन तासांनी तुम्ही तिच्याजवळ जाता. तिचे मोल ती काय करू शकते यावर ठरते, असे तीन वर्षांत एकदा तरी तुमच्या मनात आले का? ते आले नाही, कारण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील ते वचन, की देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाप्रमाणे निर्माण केले, तुम्ही आईच्या बाबतीत मनापासून खरे मानता. अर्धे अंग लुळे पडले म्हणून तिच्यातील देवाचे प्रतिरूप अर्धे झाले नाही, हे तुमच्या हातांना माहीत आहे. मग जे माप तुम्ही आईला कधी लावले नाही, ते स्वतःला कोणत्या न्यायाने लावता?

हे माप कुठून येते ते मी ओळखते, कारण मीही त्याच हवेत राहते. मी वसईची, लग्न होऊन गोव्यातल्या साष्टी तालुक्यात आले आणि तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. आपल्या गोव्यात मुलगा कोणत्या बोटीवर आहे, मुलगी आखातात आहे की विलायतेत, पासपोर्ट झाला का, सरकारी नोकरी लागली का, लग्न झाले का, एवढ्या पाच-सहा प्रश्नांत माणसाची किंमत ठरवून टाकण्याची सवय घरोघरी आहे. विचारणारे बहुतेक वेळा वाईट हेतूने विचारत नाहीत, पण ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा निकाल तयार होतो. शाळेतही मी हेच पाहिले. उत्तरपत्रिकेवर घातलेला आकडा उत्तराचा असतो. काही मुले मात्र तो स्वतःचा समजून घरी नेत आणि मोठी झाल्यावरही बाळगत. वर्गात गुण मोठ्याने वाचून दाखवणारी मीच होते, आणि त्या मुलांचे चेहरे आठवले की आजही मला वाईट वाटते.

तुम्ही हिशेबाचे काम केले आहे, म्हणून प्रभू येशूच्या बोलण्यातला एक हिशेब तुमच्यापुढे ठेवते. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो म्हणतो की दोन चिमण्या एका दमडीला विकतात. लूकच्या शुभवर्तमानात पाच चिमण्या दोन दमड्यांना विकतात. दमडीला दोन, तर दोन दमड्यांना चार व्हायला हव्यात. पाचवी चिमणी विकणाऱ्याने वर टाकलेली आहे, जसा म्हापशाच्या बाजारात मासळीच्या वाट्यावर एखादा बांगडा वर पडतो. बाजाराने तिच्या नावे कवडीही मांडलेली नाही, आणि नेमके तिथेच प्रभू सांगतो की त्यांतील एकीचाही देवाला विसर पडत नाही. ती चिमणी पुढे कधी तरी महाग विकली जाईल, असे आश्वासन त्यात नाही. तिची आठवण ठेवली जाते एवढेच तो सांगतो, आणि लगेच शिष्यांना म्हणतो की भिऊ नका.

याच्याही मागे जाऊन पाहिले तर यार्देन नदीवर जे घडले त्याचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. प्रभू येशू तेव्हा सुमारे तीस वर्षांचा होता. तोपर्यंत त्याने एकही आंधळा बरा केला नव्हता, एकही प्रवचन दिले नव्हते. नासरेथासारख्या लहान गावात तो सुतार म्हणून ओळखला जात होता. बाप्तिस्मा घेऊन तो पाण्यातून वर आला तेव्हा आकाशवाणी झाली की हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. पित्याचा संतोष आधी आला आणि काम नंतर सुरू झाले. त्यानंतर लगेच अरण्यात सैतानाने काढलेला पहिला शब्द पाहा: तू देवाचा पुत्र असलास तर या धोंड्यांच्या भाकरी कर. जे पित्याने नुकतेच विनाअट सांगितले होते, त्याला सैतानाने ‘असलास तर’ जोडले आणि पुरावा मागितला. तुमच्या मनातला आवाजही असाच बोलतो. मी देवाला प्रिय असते तर नोकरी टिकली असती, लग्न झाले असते, दारे उघडली असती. असा ‘तर’ मनात उमटेल तेव्हा तो कोणाच्या तोंडचा शब्द आहे याची स्वतःला आठवण करून द्या. पौल इफिसकरांच्या पत्रात हाच क्रम राखतो: दुसऱ्या अध्यायाच्या ८व्या आणि ९व्या वचनात तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, आणि मगच १०व्या वचनात आपण देवाची हस्तकृती असून सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत असे येते. आपण बहुधा १०वे वचन आधी वाचतो आणि थकून जातो.

तुमच्या दारावरून दर वर्षी २४ जूनला सांजांवची, म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या सणाची, मुले डोक्यावर पानाफुलांचे कोपेल (मुकुट) घालून विहिरीत उड्या मारायला जात असतील. मरिया अलीशिबेला भेटायला गेली तेव्हा अलीशिबेच्या पोटातल्या योहानाने आनंदाने उडी मारली, तिची आठवण म्हणून त्या उड्या असतात असे आपल्याकडे सांगतात. योहान पुढे मोठा संदेष्टा झाला हे खरे, पण गोव्यात ज्या उडीचा सण होतो ती त्याने जन्मण्याच्या आधी घेतलेली आहे. यंदा ती मुले आली की खिडकीत उभ्या राहून थोडा वेळ पाहा.

विश्वास उणा असल्यामुळे तुमची दारे बंद आहेत, असे ज्यांनी सांगितले त्यांच्या मनाची पारख करणे माझे काम नाही. पण त्यांचे शब्द शास्त्राला धरून नाहीत, हे मी स्पष्टपणे लिहिते. जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाकडे पाहून शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले तेव्हा प्रभूने त्या माणसाला आणि त्याच्या आईबापांनाही दोषमुक्त केले. पौलाने शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा गेला नाही आणि ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढे उत्तर आले. पौलाचा विश्वास उणा होता असे कोण म्हणेल? आईला आलेला झटका हा रक्तवाहिन्यांचा आजार आहे. तुम्ही नोकरी सोडलीत ती आईला एकटे टाकायचे नाही म्हणून, आणि त्या निर्णयात विश्वास उणा असण्याऐवजी पुष्कळ होता असे मला वाटते. ज्या सभेतून येताना तुम्ही गेला होतात त्याहून अधिक वाकून परतता, तिथे काही काळ गेला नाहीत तरी देवाशी असलेले तुमचे नाते तुटत नाही.

मैत्रिणी पाठवतात त्या वचनाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ते वचन खरे आहे आणि अर्धे पाठवले जाते. यिर्मयाच्या २९व्या अध्यायातील ११वे वचन हा एका पत्राचा भाग आहे. यिर्मयाने ते यरुशलेमेहून, बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना लिहिले. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा सांगतो की दोन वर्षांत सारे पूर्ववत होईल. ते ऐकायला निश्चितच गोड लागले असेल. यिर्मयाने मात्र ७० वर्षे लागतील असे लिहिले, म्हणजे पत्र हाती घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना परतीची वाट दिसणारच नव्हती. आणि त्या ११व्या वचनापूर्वी तो त्यांना काय करायला सांगतो? घरे बांधून त्यांत राहा, मळे लावून त्यांचे फळ खा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित साधा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. हिताच्या संकल्पांचे वचन अशा लोकांना दिले आहे, जे आपल्या मर्जीविरुद्ध एका ठिकाणी अडकले आहेत आणि ज्यांना वाटते की खरे जीवन दुसरीकडे चालू आहे.

म्हणून ‘ते संकल्प कुठे आहेत’ या तुमच्या प्रश्नाचे माझ्यापाशी असलेले उत्तर असे की ते एखाद्या बंद पाकिटात ठेवलेले नाहीत, जे सापडेपर्यंत तुमचे आयुष्य थांबून राहिले आहे. आपल्या ख्रिस्ती मराठीत यासाठी ‘पाचारण’ हा फार सुंदर शब्द आहे. पाचारण म्हणजे हाक, आणि हाक माणसाला तो उभा असेल तिथे येते. म्हापशाच्या घरात, आईच्या खाटेजवळ, तुम्ही पाचारण येण्याची वाट पाहत बसलेल्या नाही. त्या हाकेला ओ देत तुमची तीन वर्षे गेली आहेत. पुढे आणखी हाका येतील, कदाचित अगदी वेगळ्या, आणि आज त्या कळल्या नाहीत म्हणून आजचा दिवस वाया जात नाही.

तुमच्या मंडळीत संतांचा धावा करत नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून पुढची दोन नावे मी केवळ माणसे म्हणून घेते. जुन्या गोव्यात ज्यांच्या दर्शनाला लोक लोटतात ते फ्रान्सिस झेवियर हिंदुस्थानात यायचेच नव्हते. या कामासाठी निवड झाली होती निकोलस बोबादिल्ला यांची. ते आजारी पडले म्हणून १५४० साली ऐनवेळी झेवियर यांना पाठवण्यात आले. दुसऱ्याच्या जागी पाठवलेला हा माणूस ६ मे १५४२ रोजी गोव्याला उतरला आणि इस्पितळात राहून रुग्णांची सेवा करू लागला. पुढे दहा वर्षांनी चीनला जाण्याची आस धरून ते किनाऱ्यासमोरच्या एका बेटावर नावेची वाट पाहत राहिले. ती नाव आली नाही आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. १५४६ साली त्यांनीच पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारे धर्मन्यायालय, मागितले होते, हे मी विसरत नाही, आणि त्याचे दुःख या भूमीने पुष्कळ भोगले. ते निर्दोष होते असे माझे म्हणणे नाही. पहिली निवड नसणे आणि ठरवलेल्या ठिकाणी न पोहोचणे, ज्या दोन गोष्टींना तुम्ही अपयश समजता, त्या दोन्ही त्यांच्या आयुष्यात होत्या, एवढेच मला दाखवायचे आहे. दुसरे नाव बाणावलीला जन्मलेल्या जोसेफ वाझ यांचे. कॅथलिक धर्मगुरूंना डचांची बंदी असताना ते १६८७ साली मजुराच्या वेशात श्रीलंकेत शिरले, आणि कँडीला १६९७ साली देवीची साथ आली, राजासह लोक नगर सोडून गेले, तेव्हा मागे टाकलेल्या रुग्णांना ते धूत, भरवत आणि पुरत राहिले. आजाऱ्याचे अंग पुसणारे हात असलेल्या माणसाला ‘सध्या काय करतोस’ हा प्रश्न त्या साथीत कोणी विचारला नसावा.

आता एक इशारा द्यायलाच हवा. ‘हेच तुझे पाचारण आहे’ असे सांगून घरातल्या एकाच मुलीच्या खांद्यावर सारा भार कायमचा टाकायचा, आणि तिने तक्रार केली की तिला स्वार्थी ठरवायचे, हा प्रकार आपल्या ख्रिस्ती घरांतही पुष्कळ चालतो, आणि मला तो अन्याय वाटतो. मी वर जे लिहिले त्याचा असा उपयोग कोणालाही करू देऊ नका. ज्याला आपले मोल देवाकडून मिळाल्याचे कळते, त्याला आपल्यासाठी विसावा मागण्याची लाज वाटत नाही. प्रभूने स्वतः शिष्यांना गर्दीतून बाजूला घेऊन थोडा विसावा घ्या असे सांगितले होते. पौल करिंथकरांना लिहितो की एका अवयवाला दुखते तेव्हा सर्व अवयवांना दुखते. तुमच्या भावाला आणि बहिणीला पैसे पाठवून हे दुखणे संपले असे वाटत असेल, तर ते त्यांना कोणी समजावून सांगितलेले नाही.

ते सांगण्यासाठी तुमची हिशेबाची विद्या वापरा. दर दोन तासांनी एकदा कूस बदलली असे धरले तर दिवसाला १२ वेळा, वर्षाला ४,३८० वेळा आणि तीन वर्षांत १३ हजारांहून अधिक वेळा ते काम झाले आहे. त्यापुढे अंघोळ, औषधे, डॉक्टरांच्या फेऱ्या, तुटलेली झोप आणि तीन वर्षांचा तुमचा न मिळालेला पगार मांडा. हा हिशेब देवाला दाखवायला लागत नाही, पण भावंडांना दाखवायला लागतो. मग मागणी नेमकी करा: भाऊ कंत्राट संपवून घरी येतो त्या काळात ठरलेले आठवडे आईची सारी जबाबदारी त्याने घ्यावी, रात्रीच्या पाळीसह, बहीण नर्स असल्यामुळे काय आणि कसे करायचे ते तिने त्याला फोनवर शिकवावे, आणि दोघांनी मिळून आठवड्यातले काही तास तरी पगारी बाई ठेवण्याचा खर्च उचलावा. त्या मोकळ्या तासांत पहिले काही आठवडे तुम्ही फक्त झोपलात तरी चालेल. नंतर मन उचल घेईल तेव्हा घरबसल्या एखाद्या लहान गेस्ट हाऊसच्या किंवा दुकानाच्या वह्या आणि जीएसटीची विवरणपत्रे सांभाळता येतील का ते पाहा. निर्गमाच्या पुस्तकात बसालेल नावाच्या कारागिराला देवाच्या आत्म्याने भरल्याचे लिहिले आहे, आणि त्याचे काम सोने, रुपे, पितळ आणि लाकूड घडवण्याचे होते. नऊ वर्षे चोख हिशेब ठेवणारा हातही त्याच दात्याचे दान आहे, तो गंजू देऊ नये. लग्नाविषयी तुम्ही अर्ध्याच वाक्यात लिहिले आहे. त्याबद्दल अधिक बोलावेसे वाटले तर पुन्हा लिहा.

शेवटी त्या पाहुणेपणाबद्दल. साष्टीत आल्यावर पहिली काही वर्षे कोंकणी मिस्सेत मीही ओठ मिटून बसत असे, कारण माझ्या प्रार्थना वसईच्या मराठीत होत्या. मग माझ्या सासऱ्यांनी मला एकदा रायतूरला नेले. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट (येशूसंघाचा धर्मगुरू) १५७९ साली गोव्याला आला, आयुष्याची चाळीस वर्षे त्याने इथे काढली, आणि ख्रिस्ताची कथा त्याने दहा हजारांहून अधिक ओव्यांत मराठीतून सांगितली. ते ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरलाच प्रथम छापले गेले. गोव्याच्या ख्रिस्ती माणसांनी मराठीतून प्रभूचे नाव घेतल्याला चारशेहून अधिक वर्षे झाली आहेत. तुमचे आजोबा मिरजेहून आले तेव्हा ते या घरात उशिरा पोहोचलेले असतील, पण परके नव्हते, आणि तुम्हीही नाही. आईला ऐकू येत असेल आणि समजत असेल तर संध्याकाळी कूस बदलून झाल्यावर तिला स्तोत्रसंहितेतले १३९वे स्तोत्र मराठीतून मोठ्याने वाचून दाखवा. आईच्या उदरात देवाने माझी घडण केली, हे त्यात आहे. ज्या उदरात तुमची घडण झाली ते तुमच्या समोरच आहे, तेव्हा ते वाचन तुम्हां दोघींसाठी होईल.

बांबोळीला कोणत्या दिवशी जाणार आहात ते मला कळवा, आणि त्या दिवशी आईजवळ थांबायला मंडळीतल्या एखाद्या बाईंना आत्ताच विचारून ठेवा. भावाला पाठवायच्या पत्राचा कच्चा मसुदा पुढच्या पत्रासोबत जोडलात तर मी तो वाचून माझ्या सूचना लिहून परत पाठवीन.